आधी साचा, मग उडी!

कोल्हापूरला जाताना जी शिरोली एमआयडीसी तुम्ही ऐंशीच्या स्पीडने मागे टाकता, तिथे या वेळी जरा गाडी स्लो करा. बांबूउडी नावाच्या भन्नाट खेळाचा अख्खा फंडा तिथे रस्त्याच्या कडेला उभा आहे!

कोल्हापूरला गेलेल्या प्रत्येकाने शिरोली एमआयडीसी पाहिलेली असते, आणि तरी ती कुणीच पाहिलेली नसते. पुण्याहून निघून सव्वादोनशे किलोमीटर झालेले असतात. किणीचा टोलनाका मागे पडलेला असतो. आधी अंबाबाईचं दर्शन की आधी मिसळ, यावर गाडीत जोरदार चर्चा सुरू असते. तेवढ्यात हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेड्स, ट्रकच्या रांगा, वजनकाटे आणि टायरची दुकानं दिसायला लागतात. 'आलं, आलं कोल्हापूर!' असं कुणीतरी म्हणतं. सांगली फाटा येतो, पंचगंगेचा पूल येतो, तावडे हॉटेलपाशी गाडी शहरात वळते आणि शिरोलीचा विषय संपतो.

या वेळी तो तसा संपवू नका. कारण पोल व्हॉल्ट, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली बांबूउडी, समजून घ्यायची असेल तर यापेक्षा चांगला वर्ग शोधून सापडणार नाही.

आता तुम्ही विचाराल, तिथे बांबूउडीचं मैदान आहे का? नाही. कुणी चॅम्पियन तिथे प्रॅक्टिस करतो का? तसंही नाही. तिथे आहेत पाइप, वाळू, साचे, भट्ट्या आणि दिवसभर वजन उचलणारी, वजन तोलणारी माणसं. बांबूउडी शिकताना सगळ्यात अवघड जे असतं, की आपलं शरीर कोणत्या क्षणी कुठे ठेवायचं, ते समजायला एवढं सामान पुरेसं आहे.

सहा मीटरचा पाइप

सुरुवात एकदम सोप्या गोष्टीपासून करू. एमआयडीसीत किंवा हायवेला लागून असलेल्या एखाद्या स्टीलच्या दुकानासमोर थांबा. तिथे रचलेले पाइप बघा. बाजारात पाइपची नेहमीची लांबी सहा मीटर. ट्रकच्या मागे लाल फडकं बांधून जे लोंबकळत चाललेले असतात ना, तेच ते. आता मनातल्या मनात त्यातला एक पाइप उचला आणि जमिनीवर ताठ उभा करा.

साधारण दुमजली घराएवढी उंची झाली. मान वर करून टोक बघावं लागेल.

स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५मध्ये टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत ६.३० मीटरची उडी मारली. म्हणजे त्या पाइपच्या टोकावर एक फुटपट्टी उभी धरा, आणि त्याच्याही वरून माणूस गेला असं समजा. आहे की नाही नाद खुळा?

आपल्याकडची उंची अजून पाइपच्या आतली आहे. पण ती भराभर वर सरकतेय, हे महत्त्वाचं. १९८७मध्ये विजयपाल सिंगने ५.१० मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो दोन दशकांहून जास्त काळ हलला नाही. मग २०२२च्या गांधीनगरच्या नॅशनल गेम्समध्ये तमिळनाडूच्या एस. शिवाने ५.३१ मीटर केले. त्याच गेम्समध्ये रोझी मीना पॉलराजने मुलींमध्ये ४.२० मीटरची उडी मारली. २०२५च्या फेब्रुवारीत डेहराडूनला मध्य प्रदेशच्या देव मीनाने ५.३२ आणि एप्रिलमध्ये कोचीला ५.३५ मीटर केले. कधी एक सेंटिमीटर, कधी तीन. बाकी ऑफिसात बसून ऐकणाऱ्याला वाटतं, 'एवढंच?' त्या एका सेंटिमीटरमागे किती महिने गेलेले असतात, ते पुढे कळेलच.

आता याच हायवेचा एक विरोधाभास सांगतो. शिरोलीतून रोज असे शेकडो पाइप आणि सळ्या जातात. कुणाला काही वाटत नाही. पण बांबूउडीचा पाच मीटरच्या आसपासचा पोल घेऊन प्रवास करायचा म्हटलं की घाम फुटतो. जानेवारी २०२६मध्ये हाच देव मीना आणि त्याचा साथीदार कुलदीप यादव स्पर्धेहून परतत होते. पोल गाडीत नेता येणार नाहीत म्हणून त्यांना आपल्या पनवेल स्टेशनवर रेल्वेतून उतरवण्यात आलं आणि कित्येक तास तिथेच ताटकळावं लागलं. ज्या पोलवर देशाचा विक्रम झाला, त्याला बर्थखाली जागा नाही आणि बर्थवरही नाही! हा खेळ आपल्याकडे फार कमी मुलं का खेळतात, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं अर्धं फौंड्रीत.

रस ओतण्याआधी

कोल्हापूर म्हटलं की लोकांना पैलवान, चपला आणि तांबडा-पांढरा आठवतो. पण हे पक्कं कारागिरांचं शहर आहे. ऊस आला, उसाला पाणी हवं म्हणून ऑइल इंजिनं आली, इंजिनं दुरुस्त करता करता इथले मिस्त्री ती बनवायला लागले. शहरातल्या उद्यमनगरात त्यातून वर्कशॉप्स उभी राहिली. राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये सुरू झालं, आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहतींमध्ये हा पसारा वाढला. आज तुमच्या कारच्या, ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या इंजिनातला एखादा तरी लोखंडी भाग या पट्ट्यात ओतलेला असण्याची दाट शक्यता आहे.

ओतलेला, हा शब्द नीट लक्षात ठेवा.

फौंड्रीत काय होतं? आधी पॅटर्न तयार होतो. मग त्याच्याभोवती ओलसर, चिकट केलेली वाळू ठासून भरतात. वरचा अर्धा साचा म्हणजे कोप, खालचा म्हणजे ड्रॅग. आत पोकळी हवी असेल तिथे कोअर बसवतात. गॅस बाहेर जायला वाटा ठेवतात. दोन्ही अर्धे एकमेकांवर बरोबर बसले की नाही, ते तपासतात. आणि मग येतो तो सीन, जो टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेला असतो: तेराशे-चौदाशे डिग्रीचा लाल-पिवळा रस लाडलमधून साच्यात उतरतो.

बघणाऱ्याची नजर रसावर असते. मोल्डरची काळजी त्याआधीच संपलेली असते. कारण ओतायला काही सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. कोअर सरकलेला असेल तर भिंत एका बाजूला पातळ होणार. गॅसला वाट नसेल तर ब्लो होल येणार. जे व्हायचं ते साच्यातच ठरलंय. मग तो पीस रिजेक्ट होतो, पुन्हा भट्टीत जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून साचा.

बांबूउडी अगदी अशीच आहे, मंडळी. जमिनीवरून पाय सुटला की बारपर्यंत पोचायला साधारण दीड सेकंद लागतो. टीव्हीवर आपण तो दीड सेकंद बघतो आणि 'काय उडाला!' म्हणतो. पण तो कसा उडणार, हे पाय सुटतानाच बव्हंशी ठरलेलं असतं. वेग हा रस आणि शरीर हा साचा. साचा चुकला तर रस कितीही गरम असू दे, कास्टिंग वाकडंच येणार.

वेगाचा हिशेब

थोडंसं फिजिक्स, टेन्शन नको. धावताना तुमच्याकडे जी ऊर्जा असते, ती सगळी उंचीत बदलली तर किती वर जाल? वेगाचा वर्ग भागिले १९.६. सेकंदाला ८ मीटर धावणारा ३.३ मीटर चढेल. ९ मीटर धावणारा ४.१ मीटर. १० मीटर धावणारा ५.१ मीटर. त्यात शरीराचा मध्यबिंदू आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो, तो मिळवा. शिवाय हातांच्या जोराने शेवटी थोडी भर पडते. म्हणजे वेग दहा टक्के वाढला तर मिळणारी चढण वीस टक्क्यांहून जास्त वाढते.

म्हणून नवख्या मुलाला वाटतं, जोरात पळालं की झालं. इथेच गडबड होते. कारण आडव्या वेगाला उभं करणारं मशीन पोल एकटा नाही. पोल आणि शरीर मिळून ते मशीन बनतं. पोल वाकून ऊर्जा साठवतो आणि सरळ होताना परत देतो. पण शरीर ढिलं असेल किंवा चुकीच्या जागी असेल, तर ती ऊर्जा खांद्यात, कमरेत, पाठीत झिरपून जाते. ट्रकचं इंजिन दमदार आहे, पण क्लच घसरतोय, असा प्रकार.

सहा जागा

शिकताना कोच या उडीचे तुकडे पाडतात. आपणही पाडू. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डोळ्यांसमोर आणा. त्याचा उजवा हात पोलवर वर, डावा खाली.

पहिली जागा, धाव. धावपट्टी किमान चाळीस मीटरची. छाती उभी, कंबर उंच, गुडघे वर. पोलचं टोक सुरुवातीला वर असतं आणि शेवटच्या पावलांत हळूहळू खाली येतं. टोक धाडकन खाली आलं तर सगळं वजन पुढे जातं आणि माणूस पोलच्या मागे फरफटत पळायला लागतो.

दुसरी, रोवणं. धावपट्टीच्या शेवटी जमिनीत एक पेटी असते, मीटरभर लांब आणि टोकाला वीत-दीड वीत खोल. पोलचं टोक तिच्यात जायचं. शेवटच्या दोन पावलांत हात कमरेपासून कानाजवळून थेट डोक्यावर गेले पाहिजेत. टोक पेटीच्या भिंतीला लागतं तेव्हा हात आधीच पूर्ण वर हवेत. अर्ध्यात असतील तर सगळा दणका खांद्यावर.

तिसरी, टेक-ऑफ. हीच ती मोल्डरची जागा. उजव्या तळहातातून एक ओळंबा सोडा. तो डाव्या पायाच्या चवड्यावर पडला पाहिजे. पाय पेटीकडे फार आत पडला तर पाठ मागे वाकते, पोल आधीच ओढायला लागतो आणि वेग मरतो. फार मागे पडला तर पोलवर जोर लागत नाही. पाय जागेवर पडला की उजवा हात सरळ, छाती पुढे, उजवा गुडघा वर, डावा पाय मागे लांब. शरीराचं ताणलेलं धनुष्य. ज्याने १९८५मध्ये पॅरिसला पहिल्यांदा सहा मीटर ओलांडले, त्या सर्गेई बुबकाचे कोच विताली पेत्रोव्ह यांचा सगळा भर इथे होता: हात लवकर आणि उंच वर न्या, आणि पोल वाकायच्या आधी जमीन सोडा.

चौथी, झोका. मागे राहिलेला डावा पाय लांब ठेवून खालून पुढे फिरवायचा, झुल्यासारखा. लांब झुला जास्त ऊर्जा आणतो. नवखी मुलं घाबरून गुडघे पोटाशी घेतात. त्यामुळे शरीर पटकन गोल फिरतं, पण पोलला जे द्यायचं ते देत नाही.

पाचवी, उलटं होणं. कंबर खांद्यांच्या वर, पाय आकाशाकडे, पाठ जमिनीकडे, हात अजून सरळ. पोल सरळ होत असताना शरीर त्याच्या जवळ, त्याच्याच रेषेत राहिलं पाहिजे. आणि इथे सगळ्यात माणूसपणाची चूक होते. खेळाडू बारकडे बघतो! ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्याच्याकडे बघणारच की. पण डोकं वळलं की खांदे वळतात, पाय वर जायच्या ऐवजी बारच्या दिशेने आडवे पडतात, आणि पोलने परत दिलेली ताकद शरीराच्या खालून निघून जाते. नजर टार्गेटवर ठेवा, असं आपल्याला प्रत्येक ट्रेनिंग प्रोग्राममध्ये शिकवतात ना? इथे टार्गेटकडे बघितलं की टार्गेट पडतं.

सहावी, वळणं आणि पार होणं. पोल सरळ होत आला की हातांनी ओढून अंगाभोवती वळायचं, पोट बारकडे, मग पोलला खाली ढकलून द्यायचं. बारवरून जाताना कंबरेत घडी, छाती आत, हात मागे. खाली गादीवर पाठीवर पडायचं.

एका उंचीसाठी सलग तीन संधी. तिन्ही रिजेक्ट झाल्या की घरी. फौंड्रीत निदान पीस वितळवून पुन्हा ओतता येतो!

कोल्हापूरला हे नवं नाही

आता शिरोलीहून पूल ओलांडून शहरात या. खासबाग मैदानावर जा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२मध्ये पूर्ण झालेलं हे कुस्त्यांचं मैदान. इथे धोबीपछाड टाकताना पैलवान काय करतो? हाताने उचलायला गेला तर मेलाच. तो आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली नेतो, पाठ वळवतो, आणि समोरच्याचाच जोर त्याला जमिनीवर नेतो. ताकद आहेच, पण ती कंबर जागेवर पोचल्यानंतरची. वस्ताद पोरांना महिनोन्‌महिने तीच एक जागा घोटायला लावतात.

आणि मग आपला मल्लखांब. पेशवाईच्या शेवटच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी तो घडवला असं मानलं जातं. अडीच मीटरच्या आसपासचा लाकडी खांब, त्याला एरंडेल चोपडलेलं. पोरं त्यावर उलटी होतात, मांड्यांनी पकडतात, डोकं खाली असताना शांतपणे ठरवतात की आता हात कुठे आणि पाय कुठे. जगातल्या बहुतेक बांबूउडीपटूंना जी गोष्ट सगळ्यात उशिरा येते, की उलटं असताना आपण कुठे आहोत ते कळणं, ती मल्लखांबावरच्या दहा वर्षांच्या पोरीला सवयीने येते.

हे नुसतं स्वप्नरंजन नाही. रशियाची येलेना इसिनबायेवा पंधरा वर्षांची होईपर्यंत जिम्नॅस्ट होती. उंची वाढली, जिम्नॅस्टिक्स सुटलं, ती बांबूउडीकडे वळली. २००५मध्ये पाच मीटर ओलांडणारी ती जगातली पहिली बाई ठरली आणि २००९मध्ये झुरिकला तिने ५.०६ मीटर केले. तिच्याकडे शरीर हवेत कुठे आहे हे कळणारं डोकं आधीपासून होतं. पोल नंतर आला.

म्हणून मला वाटतं, आपण या खेळाला उलट्या टोकाने धरलंय. पोल नाही, गादी नाही, सिंथेटिक ट्रॅक नाही, म्हणून बांबूउडी नाही, असं आपण म्हणतो. अडचण खरी आहे. फायबरग्लासचा पोल महाग असतो, आणि एका पोलवर भागतही नाही. प्रत्येक पोलवर किती वजनाच्या खेळाडूसाठी तो आहे, ते लिहिलेलं असतं. मुलगा वाढला, वेग वाढला, पकड वर गेली की नवा, जास्त कडक पोल लागतो. चपलेचा नंबर बदलावा तसा. एमआयडीसीत आठ तासांची शिफ्ट करणाऱ्या आई-बापांनी तो दर वर्षी कुठून आणायचा?

पण शिकण्याचा पहिला मोठा हिस्सा महागड्या पोलविना होतो, हेही तेवढंच खरं. जगभर नवख्यांना आधी न वाकणारा साधा पोल देतात. लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात, चार पावलं चालत, खाली पकड धरून, हात वर न्यायचे आणि नुसतं झुलत पलीकडे उतरायचं. झोका दोरावर शिकवतात. उलटं होणं आडव्या बारला लटकून शिकवतात. त्या एका व्यायामाला तर बुबकाचंच नाव पडलंय. दोर, आडवा बार आणि वाळू. यातलं कोणतं सामान कोल्हापूरच्या तालमीत आणि शाळेच्या मैदानात मिळणार नाही? १९४२मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने बांबूच्या काठीने ४.७७ मीटरची उडी मारली होती. फायबरग्लासचे पोल सर्रास आले ते १९६०नंतर.

पुढची पायरी मात्र फुकटात होत नाही, आणि तिथे कुणी शॉर्टकट सुचवला तर ऐकू नका. वाकणारा पोल, खरी पेटी, जाड गादी आणि शिकलेला कोच, हे चारही असल्याशिवाय उंच उडी मारायची नाही. या खेळात डोक्याला आणि मणक्याला झालेल्या दुखापती गंभीर असतात. योगायोग बघा, शिरोलीतून जाणारा हाच हायवे पुढे पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलाला लागून जातो. १९९४च्या नॅशनल गेम्ससाठी ते उभं राहिलं आणि २०१३मध्ये तिथे आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. रस्ता एकच. या टोकाला वाळू, दोर आणि उलटं लटकणारी पोरं, त्या टोकाला ट्रॅक आणि स्टेडियम. मधले सव्वादोनशे किलोमीटर पोल घेऊन पार करायची सोय कुणीतरी करायला हवी. पाइप नेणाऱ्या ट्रकवाल्याला ती रोज जमते!

आपल्यासाठी काय?

तुम्ही-आम्ही काही पाच मीटर उडणार नाही. दिवसातले नऊ तास खुर्चीत, मान मॉनिटरकडे, खांदे कानापर्यंत. पण शिरोलीच्या एखाद्या शेडबाहेर पाच मिनिटं उभं राहून माल चढवणाऱ्या माणसांकडे बघा. जड वस्तू उचलताना ते आधी पाय लावतात, मग कंबर खाली नेतात, वस्तू अंगाजवळ घेतात आणि सगळ्यात शेवटी जोर लावतात. आपण उलटं करतो. जोर आधी, पाय नंतर, आणि मग फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट.

जिममध्ये आडवा बार असेल तर एक गोष्ट करून बघा. हात सरळ ठेवून लटका. गुडघे पोटाशी न घेता, पाय लांब ठेवून हळूच पुढे-मागे झुला. खांदे सुटू देऊ नका. दहा सेकंदांत कळेल की शरीर सरळ ठेवणं हे किती मोठं काम आहे. खांद्याचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधी ट्रेनरला विचारा.

जायचं तर...

शिरोली गावाला इथे सगळे 'पुलाची शिरोली' म्हणतात. पुण्याहून आलात तर ती कोल्हापूरच्या आधी, पंचगंगेच्या अलीकडे. पावसाळ्यात निघण्याआधी पुराची बातमी बघून निघा. ऑगस्ट २०१९मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१मध्ये इथेच हायवेवर पाणी आलं होतं आणि वाहतूक बंद पडली होती.

फौंड्री आतून बघायची असेल तर ओळखीतून आधी परवानगी काढा. गेटवर जाऊन 'जरा बघू का' म्हटलं तर कुणी सोडणार नाही, आणि न सोडणंच बरोबर आहे. परवानगी मिळाली तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट घाला. सँडल घालून रस ओतताना बघायला जाऊ नका. आत गेल्यावर सगळे भट्टीकडे धावतात. तुम्ही आधी मोल्डिंगच्या बाजूला जा आणि साचा बंद होताना बघा.

मग बाहेर या, शिफ्ट सुटण्याच्या वेळेला टपरीवर चहा घ्या, कटवडा खा. शहरात पोचल्यावर एखाद्या तालमीत पहाटे डोकावायला मिळतं का, ते विचारा. पोरं घुमत असतील तर त्यांचे हात बघू नका, पाय बघा.

आणि हो, पाइप बघायला दुकानासमोर थांबाल, तेव्हा गाडी ट्रकच्या वाटेत लावू नका. सहा मीटरचा माल वळवायला त्यांना जागा लागते.